सहा आत, पाच बाहेर

पूर्वी चंपा नगरीत धृतिमान नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व हस्तिदंताचे काम करणाऱ्या एका कारागिराच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव भद्रिल. नगरातल्या द्यूतशाळेला लागणारे फासे तोच घडवी. फाशाच्या सहाही बाजू सारख्या घासून झाल्या की तो फासा पाण्यात सोडून पाही. बुडताना एकच बाजू वारंवार खाली वळली, तर तो फासा मोडून टाकी.

द्यूतशाळा कंकदत्ताची होती. तिथला नियम सोपा होता. खेळणाऱ्याने एक नाणे लावून एक आकडा बोलायचा. तो आकडा पडला तर त्याच्या हाती पाच नाणी यायची, नाही पडला तर नाणे शाळेचे. एका डावाला पाचपर्यंत नाणी लावता येत, हिशेब तोच.

उत्तिय नावाचा एक नावाडी तिथे खेळू लागला. पहिल्याच आठवड्यात त्याने इतके जिंकले, की कंकदत्ताने त्याला हार घालून ढोल वाजवीत घरी पोहोचवले. वर्ष सरले तेव्हा त्याची नावसुद्धा विकली गेली होती. तो राजाकडे गेला आणि म्हणाला, "महाराज, भद्रिल खोटे फासे घडवतो. नाहीतर सगळेच कसे हरतील?"

खोटे फासे घडवणाऱ्याचा उजवा हात तोडावा, असा तिथला दंड होता. राजाने भद्रिलाला सात दिवसांची मुदत दिली.

भद्रिल घाबरला. पण उत्तियाचा प्रश्न त्याच्या मनातून जाईना. फासे खरे असतील तर माणसे हरतात का? तीन दिवस तो अंगणात बसून फासा टाकीत राहिला आणि पडेल त्या आकड्यापुढे एकेक चिंचोका ठेवीत गेला. सहाही ढीग जवळजवळ सारखे झाले. चौथ्या दिवशी तो द्यूतशाळेत जाऊन बसला आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत नुसता पाहत राहिला.

पाचव्या दिवशी कंकदत्त स्वतः त्याच्याकडे आला.

"काल दुपारी तुम्ही सारखे हरत होता," भद्रिल म्हणाला. "तरी तुम्ही शांत होता. असे कसे?"

"एखादी दुपार माझी वाईट जाते. शाळा चालू राहिली आणि माणसे येत राहिली की झाले."

"मग एका डावाला पाचच्या वर नाणी का लावू देत नाही?"

"एकाच मोठ्या डावात मी बुडू शकतो. लहान लहान हजार डावांत नाही बुडत."

"आणि जिंकणाऱ्याला हार कशासाठी?"

कंकदत्त हसला. "तो गावभर सांगत फिरतो. हरलेला कुणाला सांगायला जातो का? आता माझे ऐक. दरबारात फासे खरे आहेत एवढेच दाखव. ते खरेच आहे. तुझा हात वाचेल, आणि पुढे मी तुला दुप्पट मोल देईन. बाकी काही बोलू नकोस."

भद्रिलाने त्याला पाणी दिले आणि निरोप दिला.

सातव्या दिवशी त्याने दरबारात फासे पाण्यात सोडून दाखवले. मंत्र्यांनी ते तपासले आणि निर्दोष ठरवले. राजा म्हणाला, "तू सुटलास. जा."

भद्रिल जागचा हलला नाही. "महाराज, उत्तियाच्या प्रश्नाचे उत्तर अजून राहिले आहे."

त्याने सहा दरबाऱ्यांना बोलावून प्रत्येकाला वीस गुंजा दिल्या. प्रत्येकाने आपला वेगळा आकडा घेतला. दर डावाला सहाही जण एकेक गुंज लावीत, ज्याचा आकडा पडे त्याला पाच मिळत. उरलेली एक भद्रिल भांड्यात टाकी. गजशाळेचा अधिकारी चार वेळा जिंकला, त्याच्याकडे तीस झाल्या. सेनापती एकदाही जिंकला नाही, त्याच्याकडे दहा उरल्या. सगळे त्या दोघांकडेच पाहत होते.

दहा डाव झाल्यावर भद्रिल म्हणाला, "महाराज, भांड्यात किती आहेत?"

"दहा."

"जिंकले कोण, हरले कोण, याने भांड्याला फरक पडला नाही. सहा आत येतात, पाच बाहेर जातात."

राजाने कंकदत्ताकडे पाहिले. कंकदत्त म्हणाला, "मी नियम कुणापासून लपवला नाही, महाराज."

"मग दारावर लिहून लाव," राजा म्हणाला, "सहा आत, पाच बाहेर." नंतर त्याने विचारले, "खोट्या आरोपाबद्दल या नावाड्याला काय शिक्षा करू?"

"काही नको," भद्रिल म्हणाला. "त्याचा प्रश्न खरा होता. मलाही तो आधी सुचायला हवा होता."

पाटी लागली. निम्मी माणसे यायची थांबली, निम्मी ती वाचून आत जात राहिली. कंकदत्ताने फासे दुसऱ्या कारागिराकडून घ्यायला सुरुवात केली. भद्रिल फण्या घडवू लागला, आणि मिळकत कमी झाली तरी त्याने कधी तक्रार केली नाही. उत्तिय दुसऱ्याच्या नावेवर मजुरीला लागला. द्यूतशाळेत तो पुन्हा गेला नाही.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा उत्तिय म्हणजे आज सकाळी शंका विचारताना संकोचलेला हा नवा भिक्षू. कंकदत्त आज श्रावस्तीत सुगंधी द्रव्ये विकतो, आणि काल त्याने आपल्याला भिक्षा घातली. राजा धृतिमान म्हणजे आपला भिक्षू आनंद. आणि भद्रिल मी होतो." अर्धे खरे सांगून सुटका होत असताना पुरते खरे सांगणे, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.