गळालेली सोळा पाने

एकदा एका लेखकाचे पुस्तक फार गाजले. हेरंब त्याचे नाव. पुस्तक येऊन सहा महिने होत नाहीत तोच त्याचे बावीस कार्यक्रम झाले. कुठे मुलाखत, कुठे उद्घाटन, कुठे संस्कृतीच्या ऱ्हासावर परिसंवाद. घरात शाली ठेवायला जागा उरली नाही आणि सत्काराच्या नारळांच्या वड्या खाऊन बायकोमुले कंटाळली. वृत्तपत्रांत अकरा परीक्षणे आली, अकराही गोड. शेवटी एका संस्थेने पुरस्कार जाहीर केला.

तो द्यायला हेरंबच्या गुरुजींना बोलावले होते. ऐंशी ओलांडलेल्या या गृहस्थांची उभी हयात छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेली होती. हेरंबला वाक्य लिहायला त्यांनीच शिकवले. संस्थेने त्यांना पत्रिका धाडली, न्यायला मोटार धाडली, पुस्तक मात्र धाडले नाही! ज्यावर माणसाने बोलायचे ते त्याला आधी वाचायला द्यावे, इतकी साधी गोष्ट शहाण्यासुरत्या मंडळींपैकी एकालाही सुचू नये, याला काय म्हणावे?

सभागृह भरले. निवड समितीचे अध्यक्ष बोलायला उठले. "आईच्या अखेरच्या दिवसांवरचे प्रकरण वाचताना माझे डोळे पाणावले," असे ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मग गुरुजींचे नाव पुकारले गेले. गुरुजींनी टेबलावरची प्रत उचलली, चष्मा पुसला, आणि ध्वनिक्षेपकाकडे न जाता ते खुर्चीतच बसून वाचू लागले.

पाच मिनिटे गेली, दहा गेली. लोक खाकरू लागले. सूत्रसंचालन करणारी बाई वाकून हळूच म्हणाली, "सर, दोन शब्द बोलता ना?"

"वाचल्याशिवाय काय बोलू, बाई? वाचतोय."

पाऊण तास झाला. मागच्या रांगा उठून चालू लागल्या. हेरंबच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस गावांनी डोक्यावर घेतले आणि आपल्याच माणसाने भरसभेत अशी शोभा करावी?

"गुरुजी, पुरे आता," तो दातओठ खात म्हणाला. "लोक माझ्यासाठी आलेत."

गुरुजींनी मान वर केली. "हेरंबा, यातलं कोणतं प्रकरण लिहिताना तुला सगळ्यात जड गेलं?"

"हे काय विचारणं झालं? आईचं. चार महिने लागले. लिहायचो आणि रडायचो."

"काढून दाखव बघू."

हेरंबने अनुक्रमणिका पाहिली. पान एकोणपन्नास. त्याने पाने उलटली. अठ्ठेचाळीसनंतर एकदम पासष्ट आले. त्याने पुन्हा उलटली. मग अध्यक्षांपुढची प्रत ओढली, पहिल्या रांगेतल्या दोघांच्या हातातल्या प्रती घेतल्या. सगळीकडे तेच. बांधणीच्या वेळी सोळा पानांची एक घडी राहून गेली होती, आणि तिच्यात आख्खे प्रकरण गेले होते.

हेरंब अध्यक्षांवर कडाडला, "डोळे पाणावले म्हणालात ना? कशाने पाणावले? प्रकरण तर पुस्तकातच नाही!"

अध्यक्षांनी खाली पाहिले. "मलपृष्ठावर... त्याचा उल्लेख होता."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! तेव्हा गुरुजी बोलले. "त्यांच्यावर नंतर रागाव. घडी राहून जाते, माझ्याही डोळ्यांदेखत राहिली आहे. त्यांनी पुस्तक उघडलं नाही, ते त्यांचं पाप. पण आई तुझी होती ना रे? बावीस गावं तू हे पुस्तक हातात धरून हिंडलास. सहा महिने ती त्यात नाही आणि तुला पत्ता नाही. तूच उघडलं नाहीस, तर दुसऱ्याने का उघडावं?"

हेरंब ताडकन ध्वनिक्षेपकापाशी गेला. नसू देत पाने, प्रकरण मला पाठ आहे, आत्ता ऐकवतो, असे त्याच्या मनात होते. तो बोलू लागला. दोन वाक्ये झाली आणि थांबला. ती मलपृष्ठावरची वाक्ये होती. बावीस गावांत तीच म्हटली होती. तिसरे वाक्य काही केल्या आठवेना. आईने अखेरीस काय मागितले होते, पाणी की आणखी काही, तेही आठवेना. ते त्याने लिहून ठेवले होते, एवढेच आठवत होते.

हेरंब गुरुजींपुढे आला आणि वाकला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"घरी हस्तलिखित आहे, गुरुजी. जाऊन वाचतो."

"जा," गुरुजी म्हणाले. "वाचून झालं की मला आणून दे. माझी सोळा पानं राहिली आहेत."

पुरस्कार टेबलावरच राहिला. आणि आपल्या कपाटात सप्रेम भेट म्हणून आलेली पुस्तके उभी आहेत ना, त्यांतले एखादे आज उघडून बघावे. कोणाची आई गळाली आहे का, निदान एवढे तरी कळेल.