येसूची वाट

नदीला पूल कसा असतो हे ठाऊक नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या चिंचटाकळीत, साळ्यांच्या आळीत भिवरा नावाची विणकरीण होती. हात असा की रेशमानंही ऐकावं. जीभ मात्र फटकळ. अर्धी आळी तिला वचकून असायची.

तिची एकुलती एक लेक येसू लग्न होऊन नदीपल्याड गेली. निघताना म्हणाली, "आई, तिकडं डोंगर आडवा येतो. आपल्या घाटावरची संध्याकाळ काही दिसायची नाही मला."

"रडतेस काय? शेल्यात विणून धाडते," भिवरा म्हणाली.

बोलून गेली खरी, पण संध्याकाळ विणणं काय खायचं काम आहे? खाली हळदीचा पिवळा, वर नीळ, आणि मधे कुठला रंग कुठं सरला ते देवालाही कळू नये. भिवरा रोज रेशमाच्या लडी घेऊन घाटावर बसायची, आभाळाशी ताडून बघायची, नाही जुळलं की पुन्हा रंगात बुडवायची. असं म्हणतात, तिच्या हातांचा रंग पुढं कधी गेलाच नाही.

मग तिनं ताणा घातला. म्हणजे शेल्याचे उभे धागे आळीभर ताणले आणि रंगाच्या क्रमानं लावायला घेतले. आळी अरुंद, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धागेच धागे. रीत अशी, की ताणा ओलांडायचा नाही आणि रंग लावणारीला हाक मारायची नाही. एक धागा इकडचा तिकडं झाला, तर सगळ्या शेल्यावर रेघ उठते.

शेवटचा धागा लावून भिवरानं मान वर केली, तर शेजारची ठकूमावशी पदरानं डोळे पुसत होती.

"भिवरे, येसू आली होती गं. सासरची माणसं पोटासाठी लांबच्या मुलखात निघालीत, तुला भेटायला नाव थांबवली होती. त्या टोकाला किती वेळ उभी होती पोर. मी हाक मारणार, तर तिनंच तोंडावर बोट ठेवलं. म्हणाली, आईचा रंग चुकेल."

"चुकू द्यायचा होता गं," भिवरा म्हणाली, आणि ताणा तुडवत घाटाकडं धावली. नाव वळणाआड गेली होती.

तुटलेला एकेक धागा तिनं सांधला आणि शेला विणला. त्यावर कुठं रेघ नव्हती. त्याचंच तिला जास्त लागलं. एक टोक मुठीत धरून तिनं दुसरं पाण्यात सोडलं. असं म्हणतात, शेला लांबतच गेला, आणि खालच्या गावांनी नदी पिवळी-निळी वाहताना पाहिली. भिवरा रोज ते टोक धरून घाटावर बसायची. कित्येक वर्षांनी एका संध्याकाळी पलीकडून कुणीतरी ते हलकेच ओढलं. खरंखोटं तिलाच ठाऊक. पण त्या दिवशी भिवरा घरी येऊन पोटभर जेवली.

अजूनही आळीत ताणा घातला की मधोमध उंच काठ्यांवर उचलून धरतात, खालून माणूस जाईल एवढा. तिला येसूची वाट म्हणतात. आणि माहेरी आलेली लेक दिसली, की जो बघेल त्यानं मोठ्यानं हाक मारायची. रंग लावणारीचा हात चुकतो, शेल्यावर रेघ उठते. गिऱ्हाईक विचारतं, हे काय?

आम्ही सांगतो, कुणाची तरी लेक आली होती.