ओझ्याचा धोंडा

पिंपरजाईला एसटीतून उतरलं की डाव्या हाताला गुडघ्याएवढा काळा धोंडा लागतो. पाहुणे हमखास त्यावर बूड टेकतात, म्हणून आधीच सांगतो, बसू नका. देव नाही तो. शेंदूर नाही, नारळ नाही, हातही जोडायला नकोत. पण बसायचं मात्र नाही. आमच्या गावचा जवान सुट्टीवर आला की आपली ट्रंक त्या धोंड्यावर ठेवतो आणि बाजूला उभा राहतो. साधी पिशवीसुद्धा स्वतः उचलत नाही. मग घरातलं जे माणूस फौजेत गेलेलं नाही ते येतं, पायातलं काढतं आणि ट्रंक डोक्यावर घेऊन घरापर्यंत चालतं. मागच्या खेपेला एका बाईंनी मला फैलावरच घेतलं. म्हणाल्या, एवढा दांडगा पोरगा मोकळ्या हातानं चाललाय आणि साठीच्या चुलत्याच्या डोक्यावर ओझं, लाज नाही वाटत? बाई, म्हटलं, लाजेपायीच तर हे सुरू झालं. बसा त्या पारावर, सांगतो.

फार जुनी गोष्ट. त्या काळी स्वारीचं बोलावणं आलं की पिंपरजाईच्या प्रत्येक घरानं एक गडी द्यायचा असा शिरस्ता होता म्हणे. दसऱ्याला गावानं शिलंगण करायचं आणि त्याच पावली गड्यांनी वेस ओलांडायची. काटकरांच्या घरातून आजा गेला, बाप गेला. आज्याची तलवार परत आली, बापाचं नुसतं पागोटं आलं. त्या घरात दोन भाऊ उरले, थोरला रायाजी आणि धाकटा सुभाना. पाळी थोरल्याची होती.

रायाजी काही नेभळट नव्हता. कुस्तीत भल्याभल्यांना आस्मान दाखवायचा. पण बापाचं पागोटं घरात आलं तेव्हा आई कशी भिंतीला धरून खाली बसली ते त्यानं पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्याच्या पोटात भीती जी शिरली ती काही केल्या निघाली नाही. दसरा तोंडावर आला असताना तो बैलगाडीवरून घसरला आणि पाय मुरगळला. हळदीचा लेप लावला, पट्टी बांधली, आणि दसऱ्याच्या आधीच पाय बरा झाला. हे त्याला कळलं. त्याची बायको चिमा, तिलाही कळलं. पट्टी मात्र तशीच राहिली.

सुभानाला नुकती कुठं मिसरूड फुटली होती. तो म्हणाला, "दादा, असल्या पायानं तू कुठं निगालास? तू बस घरी. म्या जातो."

रायाजीनं तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द ओठापर्यंत आले होते असं सांगतात. पण त्यानं पट्टी तेवढी घट्ट केली. दसऱ्याला लंगडत लंगडत भावाला वेशीपर्यंत पोचवायला गेला, आणि तो येडा पोरगा सारखा मागं वळून ओरडत होता, "दादा, पायाला जप रं!"

एकदा लंगडल्यावर पुढं लंगडणं आलंच. नांगर धरताना लंगडायचं, देवळात जाताना लंगडायचं. घराचं दार लावलं की तेवढा सरळ चालायचा. चिमा एकदा म्हणाली, "आता तरी सोडा की ह्ये सोंग." तर म्हणाला, "सोडलं तर गाव तोंडावर थुंकंल."

बरं, गाव थुंकत तर नव्हतंच, उलट मान देत होतं. ज्या घरची तिसरी पिढी स्वारीवर त्या घराला दसऱ्याला पहिला विडा, ही आमची चाल. तो विडा दरवर्षी रायाजीच्या हातात पडायचा. लोक म्हणायचे, काटकरांनी घराण्याचं नाव राखलं. रायाजी मान खाली घालून विडा घ्यायचा. लोकांना वाटे, काय विनयी माणूस! घरी येऊन तो विडा तो उकिरड्यावर टाकायचा आणि दिवसभर अन्नाला शिवायचा नाही. स्वतःचीच किळस यायची त्याला. पण खरं बोलायची छाती होईना.

मग स्वारी मोडल्याची खबर आली. कोणती लढाई, कोण सरदार, ते आता कोणाला सांगता येत नाही. काही गडी परत आले, बरेच आले नाहीत. सुभानाचा पत्ता नव्हता. सगळ्यांनी आशा सोडली होती, आणि चैत्रातल्या एका दुपारी एक धनगर ओरडत पळत आला, वेशीबाहेरच्या धोंड्यावर सुभाना काटकर बसलाय!

गाव लोटलं. हलगी वाजायला लागली, बायका आरतीचं ताट घेऊन धावल्या. सुभानाची पार रया गेली होती. एक गुडघा फुटून वाळला होता, बाभळीच्या वाकड्या फांदीवर भार देत तो मुलूख तुडवत आला होता. पाठीवर गाठोडं, आणि गाठोड्याला आडवी बांधलेली एक शिसवी काठी, पितळी मुठीची, गुळगुळीत. लोकांनी विचारलं, एवढी चांगली काठी असताना ही फांदी कशाला रे? तो नुसता हसला. ओवाळून झालं, आता चल म्हणाले, तर म्हणाला, "दादाला येऊ द्या. पायामुळं त्याला येळ लागंल. म्या थांबतो."

रायाजी घरात कणगीच्या आड उभा होता. हलगी ऐकू येत होती, सुभाना फुटक्या गुडघ्यानं तुझी वाट बघत बसलाय असा सांगावाही आला होता. त्याला वाटलं, हा आपला फुटका गुडघा दाखवायला बसलाय. सगळ्या गावादेखत विचारणार, तुझा पाय कसा आहे म्हणून. चिमा म्हणाली, "जावा की! तुमचाच भाऊ हाय त्यो." रायाजीनं निरोप धाडला, पाय फार ठणकतोय, तूच घरी ये.

वर्षानुवर्षांचं खोटं पुन्हा एकदा वापरलं. गावात आजही या ठिकाणी सांगणारा थांबतो, मीही थांबतो.

निरोप ऐकून सुभाना म्हणाला, "मग मलाच जायला हवं." कोणी गाठोड्याला हात लावू लागलं तर दिलं नाही. स्वतः उचललं, चार पावलं टाकली आणि उन्हात कोसळला. लोकांनी त्याला परत धोंड्याशी टेकवलं. घराकडं आरोळी गेली, आणि रायाजी धावत सुटला.

धावत, बरं का! लंगडायचं भान राहिलं नाही. धोतर सावरत, ढेकळं तुडवत, तालमीतल्या गड्यासारखा आला. गावानं ते पाहिलं आणि हलगी आपोआप बंद पडली.  बोलायला उरलं काय होतं?

सुभानाचे डोळे मिटत आले होते. भाऊ धावत येताना दिसला तसा त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "दादा, पाय बरा झाला व्हय तुजा?" आणि गाठोड्यावरच्या त्या शिसवी काठीवर हात ठेवून म्हणाला, "मग ही उगाच आणली. तुझ्यासाठी घेतली व्हती."

रायाजीनं त्याला कवटाळलं आणि भर गावात ओरडून सांगितलं, "माझ्या पायाला काय बी झालं नव्हतं रं, सुभाना! म्या भ्यालो व्हतो!" काही जण म्हणतात, सुभानानं ते ऐकलं आणि क्षमा केली. मला विचाराल तर नाही. तोवर तो गेला होता. ऐकून शिवी जरी दिली असती, तरी रायाजी सुटला असता.

ते गाठोडं रायाजीनं डोक्यावर घेतलं. आत एक घोंगडी आणि एक लोटा. पण घर येईपर्यंत त्याची मान मोडायला आली, असं वजन भरलं म्हणे त्यात. त्यानंतर त्यानं पायात कधी वहाण घातली नाही. स्वारीवरून जो कोणी परतेल त्याचं ओझं धोंड्यावरून उचलायचं आणि त्याच्या दारात पोचवायचं, एवढंच त्यानं जन्मभर केलं. कोणी सांगतं, पुढं त्याचा पाय खरोखरच अधू झाला. साफ खोटं! पाय शेवटपर्यंत ठणठणीत होता, तीच तर त्याची शिक्षा होती. मरताना गावाला म्हणाला, जो गेला त्याचं ओझं, जो गेला नाही त्यानं उचलावं.

आजही ते चालू आहे. पुण्याला मोठ्या हुद्द्यावर असलेला भाऊ रजा काढून येतो आणि मुकाट्यानं ट्रंक उचलतो. पोरी भरती व्हायला लागल्या, त्यांच्याही बॅगा थोरले भाऊ वाहतात. दारात पोचलं की आलेल्यानं विचारायचं, "पाय बरा आहे ना, दादा?" उचलणाऱ्यानं उत्तर द्यायचं नसतं, ओझं डोक्यावर घेऊन उभं राहायचं. मग आलेला स्वतःच्या हातानं ते खाली उतरवून घेतो आणि म्हणतो, "चल घरात."

कधी कधी नुसती ट्रंकच येते. तीही धोंड्यावर ठेवतात आणि घरचा माणूस ती तशीच अनवाणी दारापर्यंत नेतो. त्या दिवशी विचारणारा नसतो, उतरवून घेणाराही नसतो. आणि स्वतःहून खाली ठेवायला कोणाचं मन होत नाही.