शेवंतीचा होकार

विहिरीवरची बाभूळ अजून कुणी तोडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तिच्यावर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती आणि वस्तीचा रिवाज पक्का होता. नराने घरटं अर्धं विणून थांबायचं, मादीने आत शिरून गाठी ओढून पाहायच्या, आणि ती हो म्हणाली तरच पुढचं विणायचं.

केशरू नावाच्या नराला तीनदा नकार मिळाला होता. चौथ्या वेळी बाकीचे नर दाणे टिपायला गेले, तेव्हा त्याने त्यांच्या घरट्यांच्या गाठी तोडल्या. एकेक घरटं विहिरीत पडलं.

आभाळ भरून आलं होतं. शेवंती नावाची मादी आली, बाभळीभोवती दोनदा फिरली आणि केशरूच्या घरट्यात शिरली. तिने एकही गाठ ओढली नाही.

"हो," ती म्हणाली.

"अगं, नीट पाहिलंस तरी का?"

"काय पाहू? दुसरं आहे कुठे? अंडी काय पावसात घालू?"

"पण आवडलं ना तुला?"

"हो म्हटलं ना! आता विण लवकर."

दाणे टिपून परतलेला शेजारचा बाबल्या आपल्या रिकाम्या फांदीवरून ओरडला, "जिंकलात, राजे!"

केशरूने गवताची पात उचलली, पण त्याला विणवेना. पात चोचीत धरून तो बाबल्याच्या फांदीवर जाऊन बसला.

"सरक. तुझं आधी विणू."

बाबल्या चिडून म्हणाला, "आणि ती माझ्याकडे आली तर?"

केशरूने पात फांदीभोवती गुंडाळली.

"येऊ दे," तो म्हणाला, आणि त्याने पहिली गाठ मारली.