पायडलवरचा ठोकळा

फार वर्षांपूर्वी इस्माईल मिस्त्रींच्या दुकानातल्या पान्याने एका सायकलपुढे हात टेकले होते. सायकल शाळकरी तुळसाची; तिचा डावा पाय आखूड, म्हणून मिस्त्री डाव्या पायडलवर लाकडी ठोकळा बसवत होते आणि सायकल सारखी कुरकुरत होती. "सायकलला दोन्ही पाय सारखे लागतात. नसतील तर तिने चालत जावं."

"अगं बये," पाना वैतागला, "जन्मापासून जो तो तिलाच सांगतोय, जुळवून घे म्हणून. एकदा तू घे की."

ठोकळा बसला. पडत-धडपडत तुळसा शिकली, रोज सायकलने शाळेत जाऊ लागली.

वर्षभराने पंक्चर काढल्यावर मिस्त्रींनी स्वतःच एक चक्कर मारली. ठोकळ्यामुळे त्यांचा गुडघा हँडलला आपटला.

सायकल कीव येऊन पान्याला म्हणाली, "यांचे दोन्ही पाय सारखेच आहेत रे. यांना कशी जमणार सायकल?"