सुईचं पाणी

फार जुनी गोष्ट आहे, तुमच्या-आमच्या पणज्यांच्याही आधीची. एका गावात सुया करणारं एक घराणं होतं. त्यांची सुई वाकत नसे, मोडत नसे. राजाच्या शिंप्यापासून गोधड्या शिवणाऱ्या बायांपर्यंत सगळ्यांना तीच लागे.

घरच्या म्हाताऱ्याला दोन मुलगे होते आणि दोघांचं लहानपणापासून वाकडं. आपल्यामागे हे घर फोडणार, धंदा बुडवणार, या काळजीनं म्हाताऱ्याला झोप येईना. शेवटी त्यानं शक्कल लढवली. सुई किती तापवायची आणि पाण्यात कधी बुडवायची, म्हणजे सुईला पाणी कसं द्यायचं, ते फक्त थोरल्याला शिकवलं. दोरा ओवायचं नेढं पाडायला फक्त धाकट्याला शिकवलं.

"आता भांडा बघू कसे भांडता ते!" म्हातारा खुशीत म्हणाला. "एकाचं दुसऱ्यावाचून पान हलायचं नाही."

पान हललं नाही, हे खरं. पण माया? ती कुठून यायची! थोरला रुसला की भट्टी विझवायचा. धाकट्याचं बिनसलं की तो हातावर हात ठेवून बसायचा. एकमेकांची अडवणूक तेवढी दोघं छान शिकले. शेवटी चुली वेगळ्या झाल्या. थोरला नुसत्या टाचण्या करू लागला, कारण टाचणीला नेढं लागत नाही. धाकट्याच्या सुयांची नेढी सुबक, पण पाणी न दिलेली सुई जाड कापडात वाकायची. गिऱ्हाइकं त्या सुया त्याच्याच अंगणात फेकून जायची.

तोवर भट्टीच्या धगीनं म्हाताऱ्याचे डोळे गेले होते. त्यात थोरल्याला ताप भरला. वैद्यानं मान हलवली.

"अरे, धाकट्याला शिकव," म्हातारा विनवू लागला. "नाहीतर तुझ्याबरोबर जाईल सगळं."

"शिकवतो ना," थोरला धापा टाकत म्हणाला. "त्यानं यावं आणि मागावं."

म्हातारा भिंती चाचपत धाकट्याच्या दारी गेला.

"दादानं बोलावलं तर येईन," धाकटा म्हणाला.

"तो मरतोय रे!"

"मग बोलवायला नको त्यानं?"

दिवसभर म्हातारा या दारातून त्या दारात फिरला. दिवेलागणीला थोरल्याच्या घरातून रडण्याचा आवाज आला.

सुतक फिटल्यावर धाकट्यानं भट्टी पेटवली आणि बापाला शेजारी बसवलं.

"बाबा, तुम्हाला तर येतं. कधी बुडवू, सांगा."

"रंग आला की."

"कोणता रंग?"

"लाल."

"लालच झालीय."

"तसा नव्हे रे, जरा..." म्हातारा अडखळला. जन्मभर पाहिलेल्या त्या रंगाला त्यानं कधी नाव दिलंच नव्हतं. थोरल्याला बोट दाखवून शिकवलं होतं, हा बघ, आत्ता! आता बोट कशाकडे दाखवणार?

धाकट्यानं सुई बुडवली, गार केली, दोन बोटांत दाबली. कट्कन मोडली. दुसरी मोडली. तिसरी वाकली.

"जोडायला गेलो आणि एकमेकांचा गळा धरायला शिकवलं मी तुम्हाला," म्हातारा ओक्साबोक्शी रडला.

त्यानंतर त्या घरातल्या सुना फाटकं शिवायलासुद्धा परगावच्या सुया विकत आणू लागल्या.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: गरजेनं बांधलेली माणसं जवळ राहतात, पण एकमेकांची होत नाहीत.