खळ्यातल्या जागा

बैल आपलं खळं आपणच चालवायचे, तेव्हाची ही गोष्ट. खळ्याच्या मधोमध खांब, आणि खांबाच्या दाव्याला ओळीने बांधलेले तीन बैल गोल फिरून कणसं तुडवायचे. खांबाजवळचा बैल जागच्या जागी वळतो, कडेच्याला मात्र मोठा फेरा पडतो.

मधला हौशा बैल त्यांचा मुकादम. त्याने संथ गोंदण्याला कडेला लावलं आणि चळवळ्या भिंगऱ्याला खांबाजवळ, म्हणजे तो ताब्यात राहील. झालं काय, भिंगऱ्या पुढे ओढायचा, गोंदण्या मागे फरफटायचा आणि मधे हौशाची मान आवळायची. "आळशी कुठला," असं तो गोंदण्यावर डाफरायचा. शेवटी गोंदण्याने वैरणच सोडली.

"दादा, उद्यापासून मी येत नाही," तो म्हणाला. हौशाने न तुडवलेल्या कणसांच्या ढिगाकडे पाहिलं. दोघांनी एवढं खळं उरकायचं कसं?

शेजारची चंद्री शेळी कुंपणातून सगळं ऐकत होती. "मला मेलीला काय करायचंय म्हणा," ती म्हणाली, "पण भावजी, त्याला कुठं चालायला बरं वाटतं, ते कधी विचारलंत का?"

हौशाने ओशाळून विचारलं.

"मला धावणं जमत नाही दादा, पण एका लयीत दिवसभर चालेन," गोंदण्या म्हणाला.

"आणि मला तिथंच फिरून भोवळ येते," भिंगऱ्याने मधेच तोंड घातलं.

सकाळी हौशाने दोघांच्या जागा बदलल्या. दुपारी चंद्रीने डोकावलं. "भावजी, आज तुमचा आवाज नाही. बरं नाही का?"

"बरंय की वहिनी," हौशा म्हणाला. "आज मीसुद्धा नुसता चालतोय."